इंग्रजीच्या तासाला गाणं कुणाच्या ओळखीचं?

इंग्रजीच्या शिक्षकांना जी प्रशिक्षणं दिली जातात, त्यांत एक सूचना हमखास असते : तासाला गाणी घ्या, पण मुलांच्या ओळखीची घ्या. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतोय. ही सूचना वहीत इतक्यांदा उतरवून घेतली आहे की आता हात आपोआप चालतो. ओळखीचं म्हणजे कुणाच्या ओळखीचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगणाऱ्याला वाटतं, ते उघडच आहे. माझं म्हणणं असं की सगळा घोटाळा तिथंच आहे.

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. त्याआधी शिकताना विद्यापीठाच्या होस्टेलवर आमच्या खोलीत एक टेपरेकॉर्डर होता आणि इंग्रजी गाण्यांच्या दोनच कॅसेटी. त्यातली गाणी मला तोंडपाठ. त्यातलीच एक कॅसेट मी मोठ्या हौसेनं नववीच्या वर्गात नेली. शब्द फळ्यावर लिहिले, मधे मधे गाळलेल्या जागा सोडल्या, गाणं दोनदा वाजवलं. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, रंगला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्ये कुठल्या पिच्चरमधलं हाय?"

तेव्हा मला हसू आलं होतं. पोराचा प्रश्न किती रास्त होता, हे कळायला पुढची काही वर्षं गेली. आमच्याकडं गाणं पिक्चरमधून येतं, नाहीतर देवळातून, तालमीतून, वरातीतून, गणपतीच्या मांडवातून. ज्याला पिक्चर नाही, देव नाही, नवरा-नवरी नाही, असं गाणं त्या पोरानं कुठं नेऊन ठेवायचं? चाल नवी, शब्द नवे, आणि ज्याच्याबद्दल गाणं आहे तो सगळा मामलाही नवा. आणि गाळलेल्या जागा भरायला मी दिली होती पाच मिनिटं.

ह्यावर प्रयोगही झालेले आहेत. वांडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की एकाच चालीवर तीन कडवी ऐकली, तर नुसत्या बोलून दाखवलेल्या मजकुरापेक्षा शब्द जास्त लक्षात राहतात. पण एकच कडवं ऐकवलं किंवा दर कडव्याची चाल बदलली, की उलटं होतं. मग साधं बोललेलंच जास्त आठवतं. म्हणजे चाल आधी अंगवळणी पडलेली असेल तर ती शब्दांना आधार देते. नसेल तर ऐकणारा चाल पकडायच्या मागं लागतो आणि शब्द निसटून जातात. माझ्या नववीत नेमकं हेच झालं होतं. गाण्याऐवजी मी तो मजकूर नुसता वाचून दाखवला असता, तर पोरांच्या हाताला जास्त लागलं असतं.

एडिंबराच्या संशोधकांचा २०१४ मधला एक प्रयोगही गाण्याच्या बाजूनं बोलतो. त्यांनी साठ प्रौढांना हंगेरियन भाषेतली छोटी छोटी वाक्यं शिकवली. काहींना बोलून, काहींना तालात बोलून, काहींना गाऊन. गाणाऱ्यांना ती वाक्यं जास्त चांगली म्हणता आली. आता पंधरा मिनिटांच्या प्रयोगावर दहावीची तयारी होत नाही, हे मलाही कळतं. पण तासाला गाणं म्हणजे टाइमपास, असं जे आमच्या स्टाफरूममध्ये बोललं जातं, त्याला एवढं उत्तर पुरे.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी आमच्या पिढीला ए बी सी डी भेटायची ती पाचवीत. त्यामुळं आज माझ्यासमोर आठवीत बसलेलं पोर सात वर्षं इंग्रजी ऐकून आलेलं असतं, आणि त्याच्याही आधी अंगणवाडीत 'ट्विंकल ट्विंकल' म्हणून आलेलं असतं. राजारामपुरीतलं असो की करवीर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतलं, हे एक गाणं सगळ्यांना येतं. आम्ही शिक्षक ते बाळबोध म्हणून सोडून देतो. आठवीच्या वर्गात ट्विंकल ट्विंकल म्हणायला लावलं तर पोरं लाजतात, आणि मास्तर त्यांच्याहून जास्त लाजतो.

मला मात्र ते बाळबोध वाटेनासं झालं, ते एका चुकीमुळं. आमच्या मुलांची एक चूक कितीही शाई खर्च केली तरी जात नाही. 'तो काय आहे ते मला माहीत नाही' ह्याचं इंग्रजी करायला सांगा. दहातली आठ मुलं लिहिणार : 'आय डोन्ट नो व्हॉट इज ही.' प्रश्नाचा क्रम वाक्याच्या पोटात गेला की सरळ होतो, हे नियम सांगून कळत नाही. मराठीत तसं काही करावंच लागत नाही. 'तो काय आहे?' आणि 'तो काय आहे ते' ह्यात शब्द जागचे हलत नाहीत. एकदा असाच वैतागून फळ्यापाशी उभा होतो आणि शेजारच्या बालवाडीतून आवाज आला : 'हाऊ आय वंडर व्हॉट यू आर.' व्हॉट आर यू नव्हे, व्हॉट यू आर! जे मी आठवीत शिकवायला धडपडत होतो, ते ह्या पोरांनी तीन वर्षांची असताना पाठ केलं होतं. दहा वर्षं खिशात घेऊन फिरत होती, खिशात काय आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून पोराची ती चूक झाली की मी नियम सांगत नाही. नुसतं 'हाऊ आय वंडर' एवढं गुणगुणतो. वर्ग हसतो आणि पोर स्वतःच दुरुस्त करतं. ह्या गाण्याचे शब्द जेन टेलर ह्या इंग्रज बाईंच्या १८०६ मधल्या कवितेतले, चाल त्याहून जुनी, फ्रान्समधली. त्याच चालीवर पोरं ए बी सी डी म्हणतात, आणि दोन्हींची चाल एकच आहे हे बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नसतं. एकदा दाखवून बघा. डोळे विस्फारतात.

तर ओळखीचं गाणं कशासाठी हवं? मुलांना करमावं म्हणून, असं सांगतात. ते आहेच, पण दुय्यम आहे. ओळखीच्या गाण्यात वाक्यरचना आधीच साठवलेली असते. शिक्षकानं तिथं जाऊन फक्त दिवा लावायचा. अनोळखी गाण्यात आधी घर बांधावं लागतं, आणि आपल्याकडं तास असतो पस्तीस मिनिटांचा.

जगात बहुधा सगळ्यांत जास्त गायलं जाणारं इंग्रजी गाणं वाढदिवसाचं. आमच्या गल्लीत केक कापताना आज्जीसुद्धा टाळ्या वाजवत ते म्हणते. ते मुळात शाळेतलंच गाणं आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल ह्या बहिणींनी बालवाडीसाठी गाणी केली होती. त्यातलं 'गुड मॉर्निंग टू ऑल' हे १८९३ मध्ये छापून आलं. वाढदिवसाचे शब्द त्या चालीला नंतर चिकटले. पॅटी हिल स्वतः बालवाडीच्या शिक्षिका होत्या. लहान पोरांना सहज उचलता येईल अशी चाल हवी, हा त्यांचा हट्ट, आणि सव्वाशे वर्षांनी ती चाल कोल्हापूरच्या आज्जीनंही सहज उचलली आहे. आणि आमच्या शाळांमध्ये काय होतं? मास्तर वर्गात आला की सगळी मुलं उभी राहून 'गूऽऽड मॉऽऽर्निंग सऽऽर' अशी एक लांबलचक हाळी देतात. तीही चालच आहे. कुठल्याही पुस्तकात नाही, कुणी शिकवलेली नाही, आणि गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत एकसारखी. मी ह्याच हाळीच्या चालीवर उत्तर द्यायला सुरुवात केली : 'गूऽऽड मॉर्निंग, हू इज ॲऽऽबसेंट?' पोरं त्याच चालीत नावं सांगतात. रोजची दोन मिनिटं, फुकटात.

ह्या ठिकाणी गाण्याची एक खोड सांगितली पाहिजे. नाहीतर मी गाण्याचा दलाल ठरेन. गाणं उच्चार बिघडवतंही. वाढदिवसाच्या गाण्यात 'टू' ह्या शब्दाला पूर्ण मात्रा मिळते. बोलताना इंग्रज माणूस तो शब्द अर्धवट गिळतो. आमची मुलं मुळातच प्रत्येक शब्दाला सारखं वजन देऊन इंग्रजी बोलतात, कारण मराठीत अक्षरागणिक जवळजवळ सारखा मान असतो. त्यात गाण्यानं भर घातली की 'आय वेंट टूऽ द मार्केट' असं सगळं एका पातळीवर, रस्त्यावर रोलर फिरल्यासारखं. म्हणून माझा दंडक आहे : जे गायलं ते लगेच बोलायचं. गाऊन सोडून दिलं तर पोर आयुष्यभर गातच राहतं.

आणि पाठांतराचंही तसंच. 'बे एके बे, बे दुणे चार' ज्या लयीत म्हटलं, त्याच लयीत आमच्या पिढीनं 'गो वेंट गॉन, सी सॉ सीन' म्हटलं. अजूनही झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगू. पण काल मी गावाला गेलो होतो, हे कंडक्टरला इंग्रजीत सांगायची वेळ आली असती तर आमच्यातल्या निम्म्यांची बोबडी वळली असती. चालीनं शब्द जपून ठेवले, वापरायला शिकवलं नाही. चालीचं काम तेवढंच असतं. पुढचं काम शिक्षकाचं, आणि ते कुठल्याही कॅसेटीत, सीडीत किंवा क्यूआर कोडात मिळत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यावर स्टाफरूममध्ये माझं भांडण होतं. ओळखीचं गाणं म्हणजे ओळखीचं इंग्रजी गाणंच, असं आपण धरून चालतो. तसं कशाला? चाल ओळखीची असली की भागतं, आणि चाल इंग्रजीच असली पाहिजे असा कुठं नियम आहे? ट्विंकलची चाल फ्रेंच होती, इंग्रजांनी तिच्यावर आपले शब्द बसवलेच ना!

ह्याचं सगळ्यांत हाताशी असलेलं उदाहरण 'हम होंगे कामयाब'. गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत केलेलं हे गाणं आपल्या शाळाशाळांत म्हटलं जातं. त्याचं इंग्रजी मूळ, 'वुई शॅल ओव्हरकम', त्याच चालीत आहे आणि अर्थही जवळजवळ कडव्याला कडवं जुळतो. हातात हात घालून चालणं तिकडं 'हँड इन हँड' होतं, भीती नसणं 'नॉट अफ्रेड'. चाल पाठ, अर्थ पाठ, नवे ते फक्त शब्द. मुलं दोन दिवसांत म्हणायला लागतात. ह्या गाण्यानं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून, तंबाखू कामगारांच्या संपातून आणि पुढं नागरी हक्कांच्या मोर्च्यांतून प्रवास केला. आधी त्यात 'विल' होतं, नंतर 'शॅल' झालं. 'आय आणि वुई नंतर शॅल येतं' हे आम्ही व्याकरणात शिकवतो आणि मुलं जांभया देतात. गाणाऱ्यांनी तो शब्द स्वतः बदलून घेतला, असं सांगितलं की जांभई थांबते. तंबाखू कामगारांचं नाव काढलं की निपाणीकडची, म्हणजे तंबाखूच्या पट्ट्यातली, पाव्हणेमंडळी असलेली दोन-तीन पोरं हमखास मान वर करतात.

पण एवढ्यावर थांबायचं कारण नाही. हे हिंदीतून आलं, आपल्या तोंडात ह्याहून जवळच्या चाली आहेत.

दहावीच्या इंग्रजीत क्वेश्चन टॅग असतो. 'पन्हाळा इज अ फोर्ट, इजन्ट इट?' मराठीत ह्या सगळ्याला एकच शब्द पुरतो : 'ना'. तू येणार ना, ती आली ना, पन्हाळा किल्ला आहे ना. इंग्रजीत क्रियापद बदललं की शेपूट बदलतं, कर्ता बदलला की बदलतं, वाक्य नकारार्थी असलं की उलटं होतं. मुलं कंटाळून सगळीकडं 'इजन्ट इट' ठोकून देतात. ह्यावर मी बरीच वर्षं तक्ते केले. मग शिवजयंतीच्या सुमाराला पेठेतून जाताना पोवाडा ऐकला. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी 'जी जी रं जी' ओढतात. मला वाटलं, झीलकऱ्यांच्या तोंडी हे शेपूट द्यायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी वर्गात एक पोर शाहीर केलं, बाकीचे झीलकरी. शाहीर उंच आवाजात : 'यू कॅन स्विम.' झीलकरी : 'कान्ट यू, कान्ट यू जी!' शाहीर : 'शी डिडन्ट कम.' झीलकरी : 'डिड शी, डिड शी जी!' पहिल्या दिवशी गोंधळच झाला. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या, काय चाललंय म्हणून. पण पोवाड्यात झील चुकली की ती सगळ्या वर्गाला ऐकू येते, शाहीर डोळे वटारतो. तक्त्यात चूक एकट्याच्या वहीत राहते आणि आठवड्यानं लाल शाईत परत येते. हा फरक फार मोठा आहे. ज्या पोराला तोवर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडताना मी पाहिलं नव्हतं, ते शाहीर व्हायला सगळ्यांच्या आधी उभं राहिलं. घरातच पोवाडा असलेलं पोर. त्याचं इंग्रजी कच्चं, पण त्या चालीवर त्याचा मालकी हक्क होता.

हलगीचंही तसंच. आमच्याकडं पोरांना बाकावर हलगी वाजवायला शिकवावं लागत नाही, थांबवावं लागतं. इंग्रजीचा ताल वजनदार शब्दांवर चालतो. 'बॉईज प्ले बॉल' ह्यात तीन ठोके. आता 'द बॉईज आर प्लेइंग विथ द बॉल' म्हणा. शब्द सात झाले, ठोके तीनच राहिले पाहिजेत : बॉईज, प्ले, बॉल. बाकीची मंडळी ठोक्यांच्या मधल्या फटीतून घुसली पाहिजेत. हे तोंडानं समजावून सांगायला मला अर्धा तास लागतो आणि कुणालाच कळत नाही. बाकावर तीन ठोके धरा आणि त्यात सगळं वाक्य बसवा म्हटलं, की पाच मिनिटांत 'आर', 'विथ', 'द' आपोआप बारीक होतात. न्यूयॉर्कमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७८ साली 'जॅझ चँट्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात गाणं नाही, नुसता ताल आणि त्यावर रोजच्या बोलण्यातली वाक्यं. जगभर ते वापरलं गेलं. बाईंनी काय केलं, तर त्यांच्या स्वतःच्या गावातला, जॅझचा ताल घेतला. आपल्या गावातला ताल हलगीचा आहे. फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियमवर जो गलका चालतो, तो कान देऊन ऐका. पेठेपेठेची पोरं एका दमात, एका ठोक्यावर ओरडतात, आणि त्यांच्या तोंडातले फाउल, कॉर्नर, ऑफसाइड हे शब्द इंग्रजीच असतात.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, "असं सगळं देशी करून टाकलंस तर इंग्रजी शिकवतोस कशाला? खरं इंग्रजी गाणं कधी ऐकणार ही पोरं?" ह्या प्रश्नात तथ्य आहे. भाषेबरोबर तिचं घरही बघायला मिळावं, हे मला मान्य. पण पाहुण्याच्या घरी जायचं तर कुणीतरी ओळखीचं सोबत लागतं. आठवी-नववीपर्यंत मुलांच्या हातात मोबाइल येतो, आणि ती आपल्या पायांनी इंग्रजी गाण्यापर्यंत पोचतातच. कोरियन बँडच्या गाण्यांतल्या इंग्रजी ओळी माझ्या वर्गातल्या मुलींना अशा पाठ आहेत की मला त्यांच्याकडून शिकावं लागतं. तेव्हा ती गाणी घ्यावीत. त्यांत 'गॉना', 'एन्ट', 'शी डोन्ट' असतं, ते परीक्षेत चालत नाही, हेही सांगावं. पिक्चरच्या डायलॉगमधलं बोलणं निबंधात चालत नाही, हे मराठीतही मुलांना कळतंच की.

उलट्या बाजूचा आक्षेप भाषाभिमान्यांचा. त्यांचं लाडकं उदाहरण पावसाचं. आपलं पोर पावसाला पैसा देऊन बोलावतं, इंग्रजांचं पोर 'रेन रेन गो अवे' म्हणून हाकलतं. अशी गाणी आपल्या मातीत नकोत. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. शिवाय बोलणाऱ्यानं बहुधा ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली किंवा आंबेवाडी पाहिलेली नसते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. हे आकडे आमच्या भागातल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला ज्यांनी घरातलं सामान माळ्यावर चढवलं, जनावरं सोडवून उंचावर नेली, त्या घरातल्या पोराला 'गो अवे' परकं वाटेल? आणि 'कम अगेन अनदर डे' म्हणजे तर आपली उघडीप! तेच गाणं जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळे आभाळाकडं बघत असताना म्हणायला लावलं तर विचित्र वाटेल, वाटलंच पाहिजे. गाणं परकं आहे की नाही, हे त्याच्या जन्मगावावरून ठरवणं चूक. ते कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्गात म्हटलं जातंय, हे पाहायला हवं. पुस्तकात ते ज्या पानावर असेल त्या पानाची वाट बघत बसू नये, एवढंच मी म्हणेन.

एका गोष्टीत मात्र मी माघार घेतली आहे. आरत्यांच्या चाली मी वापरत नाही. सगळ्या वर्गाला येतात, टाळ्यांवर म्हणता येतात, मोह फार होतो. एका वर्षी केलंही. एका पालकानं शांतपणे येऊन सांगितलं, "सर, देवापुढं उभं राहिल्यावर पोराच्या तोंडात तुमचं व्याकरण येतंय." त्यांचं खरं होतं. आणि वर्गात सगळ्यांच्या घरी ती आरती नसते, हेही मला आधी सुचायला हवं होतं.

सरकारी पातळीवर काय व्हावं? पाठ्यपुस्तकातल्या कविता-गाणी छापली जातात ती शब्दांपुरती. चाल पानावर नसते. क्यूआर कोडवर असते ती एकाच आवाजातली, एकाच धाटणीची, आणि वाडीवरच्या शाळेत रेंज असेल तर. शिक्षकाला चाल येत नसली की तो गाणं धड्यासारखं वाचून दाखवतो आणि खाली शब्दार्थ लिहून देतो. मला वाटतं शब्द पुण्याहून यावेत, चाल जिल्ह्यानं ठरवावी. कोल्हापूरचा शिक्षक ते पोवाड्यात बसवेल, कोकणातला आणखी कशात. चालीवर शब्द बसवणं ही काही परकी विद्या नाही आपल्याला. शिक्षकाची नोकरी करता करता मराठी सिनेमाची गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर ह्याच गावातले. प्रशिक्षणाचे जे दिवस सध्या स्लाइड बघण्यात जातात, त्यातला एक दिवस शाहीर, भजनी मंडळी आणि इंग्रजीचे शिक्षक यांना एका खोलीत बसवून बघावं. चहा लागेल, बाकी खर्च नाही.

आणि त्याआधी मुलांना विचारावं. मी दर जूनला वर्गात एक चिठ्ठी फिरवतो : तुला संपूर्ण पाठ असलेल्या तीन गाण्यांची नावं लिही. माझ्या मनातली यादी आणि त्यांची यादी ह्यांत दोन-तीन नावांपलीकडं काही जुळत नाही, आणि दर वर्षी ते तितकंही राहत नाही. मी म्हातारा होत चाललोय, त्यांच्या चाली बदलतायत.

संध्याकाळी मी मोठ्यांचाही एक वर्ग घेतो. महाद्वार रोडवरच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका, एमआयडीसीतले सुपरवायझर, दोन नर्सबाई. त्यांना बालगीतं देता येत नाहीत, हसतात. पहिला, दुसरा, तिसरा ह्यांचं इंग्रजी घेत होतो. फर्स्ट, सेकंड, थर्ड. साडीच्या दुकानात काम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "हे आमच्या ओवीसारखंच की. पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी." म्हटलं, म्हणा मग. त्यांनी डोळे मिटले आणि जात्यावरच्या चालीत सुरू केलं : 'माय फर्स्ट ओवी इज फॉर माय मदर.' नर्सबाईंनी लगेच दुसरी जोडली : 'माय सेकंड ओवी इज फॉर माय ब्रदर.' यमक आपोआप जुळलं. मावशींना पुढं आईबद्दल सांगायचं होतं. आई कागलला असते, रोज फोन करते. त्या म्हणाल्या : 'शी इज फोन मी डेली.' चालीत ते बसेना. पुन्हा म्हणून बघितलं, 'इज'पाशी अडखळल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मानेनंच नको म्हटलं, हातानं जातं ओढल्यासारखं केलं आणि म्हणाल्या : 'शी फोन्स मी डेली गं, फ्रॉम कागल.'